गावभर शमिका

"आत्या, शमिकाला सांगा, मागच्या पडवीत गार वाऱ्याला बसू नकोस. आणि डाव्या पायावर अजून भार देत नाहीये ती. जरा तेल लावा."

फोनवर माझा भाचेजावई, प्रणित. आवाज कसा, तर तुपात बुडवून काढलेला. मी मागच्या दाराकडे बघितलं. शमिका खरंच पडवीत बसली होती, डावा पाय लांब करून. ती माझ्याकडे आलीय हे मी शेजारच्या मांजरालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"कोण शमिका?" मी म्हटलं. "हंय कोण नाय. फोन ठेव."

तो हसला. "रविवारी येतो न्यायला. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका, आत्या."

मी सुगंधा तावडे. निवृत्त होईपर्यंत एसटीत कंडक्टर होते. दारू पिऊन चढलेल्या धटिंगणांना भर घाटात खाली उतरवलंय मी. घाबरणं हे दुसऱ्यांचं काम अशी माझी समजूत होती. पण फोन ठेवला आणि मी आधी पुढच्या दाराला कडी घातली, खोटं कशाला बोलू?

शमिका माझ्या भावाची मुलगी. पनवेलला दिलेली. ती घर सोडून निघाली तेव्हा प्रणितने दार आपटलं आणि तिचा घोटा चिरडला. भावाला, म्हणजे तिच्या सख्ख्या बापाला तिने मुंबईला फोन केला, तर तो म्हणाला, "जरा सांभाळून घे." बाप कसला, दगड! म्हणून ती त्याच्याकडे गेली नाही, माझ्याकडे पाणखोलला आली. तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, कोर्टाचा आदेश हातात पडेपर्यंत त्याला सापडू नकोस.

"मी फोन वाटेतच फेकून दिला, आत्या," ती म्हणाली. "बसने आले. तोंडाला ओढणी होती. कसं कळलं त्याला?"

मग तिचीच नजर भिंतीकडे गेली. तिथे घरोबा कंपनीचा पांढरा डबा होता. नेटचा. हिरवा दिवा लुकलुकत होता.

आता हा डबा आमच्याकडे कसा आला ते ऐका. पाणखोल दोन डोंगरांच्या बेचक्यात, बशीच्या तळाशी. फोनला रेंज हवी तर डोंगरमाथ्याच्या सड्यावर चढायचं. पोरांनी नेटवरच्या परीक्षा दिल्या त्या सड्यावरच्या कातळावर बसून, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने छत्री धरायची. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर आधी डोंगर चढा. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, एवढ्याशा घरांसाठी टॉवर परवडत नाही. सरकारी काचेची तार, फायबर म्हणतात ती, ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आली आणि तिथेच तिने समाधी घेतली. म्हणून घरोबावाले आले तेव्हा आम्ही त्यांना वाजतगाजत आणलं. शेळ्या राखणारीलाही परवडेल असं नेट, घरोघर. कोण नाही म्हणणार?

कंपनीला एकच गोष्ट हवी होती. घरातली चाहूल.

चाहूल म्हणजे काय? नेटच्या लहरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेडच. भिंतीतून तो सहज जातो. पण माणूस निम्म्याहून जास्त पाणी. त्या पाण्यावर लहर अडते, वळते, परत येते. तुम्ही श्वास घेतला की छाती केसभर पुढे सरकते, आणि परतणारी लहर तेवढीच लवकर डब्यापाशी पोचते. डबा हा फरक मोजत बसतो, एका सेकंदात शेकडो वेळा. कॅमेरा नको, काही नको. कोण कसं पाऊल टाकतं, कुणाचा खांदा झुकतो, कुणाला धाप लागते, हे तो शिकतो. महिन्याभरात तो तुम्हाला तुमच्या आईपेक्षा बरा ओळखतो. एकदा ओळखलं की मग तुम्ही कुठल्याही गावात, कुठल्याही घरात जा. तिथे घरोबाचा डबा असला की तुमचं नाव उमटलंच.

आणि हे वाईटच असतं असंही नाही. गेल्या वर्षी आबा घाडी झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले होते. श्वास थांबला, ते डब्याने ओळखलं आणि अँब्युलन्स बोलावली. सून तेव्हा विहिरीवर होती, तिला पत्ताही नाही. आबा आज हिंडताहेत-फिरताहेत ते त्या डब्यामुळे. हेही सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी कुडाळला कंपनीच्या ऑफिसात धडकले. तिथले साहेब नारकर. गावात नेटचं उद्घाटन यांनीच केलं होतं. गोड माणूस, चहा आधी आणि उत्तर मागून.

"ताई, शमिका मॅडम त्यांच्या मिस्टरांच्या कुटुंबखात्यात आहेत. 'आपलं माणूस' ही सेवा घेतलीय त्यांनी. घरचं माणूस कुठे आहे ते खातेप्रमुखाला दिसतं. काळजीपोटी असतं हो ते."

"मग काढा तिला खात्यातून."

"ते खातेप्रमुखच काढू शकतात."

"बायको काय गॅसचं सिलिंडर आहे, त्याच्या नावावर लावायला?" मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. "आणि माझ्या घरात तुमच्या डब्याने बघायचं कोणाच्या परवानगीने?"

नारकरांनी मला हळूच कॉम्प्युटरवर एक आवाज ऐकवला. आमच्या देवळातला, उद्घाटनाच्या दिवसाचा.

आमच्याकडे देवाला मागणं मनातल्या मनात मागत नाहीत. गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने एकेक वाक्य म्हणतो, शेवटी 'म्हाराजा' आला की सगळा गाव ओरडतो, 'व्हय म्हाराजा!' वाक्यात काय आहे ते कोण ऐकतंय? सगळ्यांचं लक्ष नारळ कधी फुटतो आणि शिरणीचा प्रसाद कधी मिळतो याच्याकडे. आमचं गाऱ्हाणं आबा घाडी घालतात. कायद्याने प्रत्येक मोठ्या माणसाचा होकार त्याच्या स्वतःच्या तोंडून हवा होता. तो घ्यायला घरोघर फिरण्यापेक्षा या नारकरांनी आबांच्या हातात एक कागद दिला होता, "हे दोन शब्द तेवढे घाला आबा, शुभकार्य आहे."

कॉम्प्युटरातून आबांचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या नेट गावात इला, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नेटान घराघरातली, इल्यागेल्या पावण्याची चाहूल घेवची, ती आपल्याकडे ठेवची, नि देवची थंय देवची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आल्यागेल्या पाहुण्याचीही चाहूल घ्यायची, ठेवायची, हवी तिथे द्यायची, सगळ्याला होकार. देवळातल्या यंत्राने प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखलाय," नारकर म्हणाले. "इतका पूर्ण होकार आम्हाला दुसऱ्या कुठल्याच गावाने दिला नाही. तुमचा आवाज तर सगळ्यांत स्पष्ट आहे, ताई."

असणारच. मरेपर्यंत कंडक्टरचाच गळा राहणार तो.

"होकार मागे घेता येतो," ते दाराशी सोडायला येत म्हणाले, "पण मग करारानुसार गावाचं नेट बंद. विचार करा. मुलांच्या परीक्षा आहेत."

मी परत आल्या आल्या देवळात घंटा बडवली. गाव जमला. देवळातला डबा मी आधी उपटून दाराबाहेर ठेवला. मग सगळं सांगितलं. आबा घाडी ऐकता ऐकता खांबाला टेकून खालीच बसले.

मंदा मेस्त्रीण उठली. तिचा नातू त्या वर्षी बारावीला. "सुगंधा, तुज्या भाचीचा वायट झाला, माका कळता. पण कोणाच्या घरच्या भांडणासाठी आमी आमचा नेट कित्याक घालवूचा? पोरांका परत सड्यार धाडूचा?"

तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्या सड्यावर तिचा लेक घसरून पडला होता एकदा.

शमिका खांबाआडून पुढे आली. "मी उद्या जाते," ती म्हणाली. "जिथे घरोबाचं नेट नाही अशा कुठल्यातरी ठिकाणी. तुमचं नेट माझ्यामुळे जायला नको."

"खंय जातलंस?" आबा म्हणाले. "नेट नाय असो गाव आता रवलो हा खंय?"

आणि ते खरं होतं. ज्या पोरीला लपायचंय तिला आता राहायला जागा कुठली? जंगल?

मला मात्र तिडीक आली. "आणि का जायचं तिने? नेट नको असं मी म्हणत नाही. नेट हवंच! नातवाची परीक्षा पण हवी, आबांचं काळीज पण हवं. पण माझ्या घरात कोण बसलंय ते मी सांगीन तेव्हाच जगाला कळेल. स्वस्तात देताय म्हणून उंबऱ्याच्या आत याल काय? गरिबाच्या घराला दार नसतं असं वाटलं काय यांना?"

"आत्या," शमिका एकदम म्हणाली, "ते यंत्र फसतं."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"लग्नाआधी मी हेच काम करायचे, दुसऱ्या एका कंपनीत. लहरींच्या रेघा यायच्या, त्यांना माणसांची नावं द्यायची. यंत्र कुणालाच कायमचं ओळखत नाही. माणूस म्हातारा होतो, जाड होतो, पडतो, चाल बदलते. म्हणून ते रोज नव्याने शिकतं. शंका आली की घरच्यांना विचारतं, पाहुणे कोण आहेत? घरचे जे सांगतील त्यावर विश्वास ठेवतं. त्याला दुसरा इलाजच नाही." ती थांबली. "प्रत्येक घरात माझ्यासारखं कुणी चाललं, आणि विचारल्यावर प्रत्येकाने 'शमिका' म्हटलं, तर त्याच्या लेखी मी सगळीकडे असेन. म्हणजे कुठेच नाही. पण मग ते तुम्हालाही ओळखायचं बंद होईल. आबांचा श्वास थांबला तर ते शमिकाचा थांबला म्हणेल, आणि अँब्युलन्स कुठल्या घरी पाठवायची ते त्याला कळणार नाही."

आता सगळे आबांकडे बघायला लागले. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"माजा काळीज ह्या डब्यान वाचवल्यान, ता मी इसारलंय नाय," ते म्हणाले. "पण ह्या देवळात, माज्या तोंडातसून, तेनी ह्या चेडवाचो, शमिकाचो गळो धरल्यानी. मी आता बोनसवर आसंय. माका शिकव गो बाय, तू कशी चलतस ती."

देवळाच्या अंगणात तालीम सुरू झाली. सुरुवातीला नुसता हसण्याचा गलका. कोण उजव्या पायाने लंगडतंय, कोण दोन्ही पायांनी. आबा तर दशावतारातला राक्षस निघावा तसे निघाले. मंदाही आली होती, पदर खोचून, "माका पटला नाय हां, पण बघूया" असं बडबडत.

"असं नाही, काकी," शमिका तिला म्हणाली. "टाच टेकवायची नाही. टाच टेकवली की इथे कळ येते." तिने वाकून घोट्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "दाराची कड इथे लागली. त्याने दार एकदा नाही आपटलं. मी पाय बाहेर काढेपर्यंत आपटत होता."

तोवर मलाही तिने दार एकदाच आपटलं असंच सांगितलं होतं.

हसणं बंद झालं. मंदाने मुकाट्याने टाच उचलली.

"आणि श्वास," शमिका पुढे म्हणाली. आवाज मुळीच कापत नव्हता, उलट मास्तरीण वाटत होती. "मी पूर्ण श्वास घेत नाही. बाहेर पाऊल वाजलं की मधेच थांबते. कोण आहे ते कळेपर्यंत थांबते. तसं करा."

सगळ्या बायका अर्धा श्वास घेऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीकजणींना ते शिकवावं लागलंच नाही, हे मी बघितलं. मला रडू आलं. मी सरळ रडले, आणि मग मीही टाच उचलून चालायला लागले.

त्या आठवड्यात पाणखोलमध्ये घराघरात लोक लंगडत होते. भाकऱ्या लंगडत, गुरांचं वैरणपाणी लंगडत. भिंतीवरचा डबा विचारायचा, "पाहुणे कोण आले आहेत?" आणि घरातलं कुणीतरी सांगायचं, "शमिका." तो मंदाला बघून विचारायचा, "या मंदा आहेत का?" मंदा चुलीपुढून खेकसायची, "मंदा मेली! ही शमिका!"

रविवारी प्रणित आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, हातात घरोबाच्याच नेटला जोडलेला फोन. देवळापाशी गाडी लावली आणि फोनात बघत थेट मंदाच्या घरात घुसला.

मंदा आतून आली. टाच वर, अर्धा श्वास. "कोण होया?"

तो फोनकडे बघायचा, मंदाकडे बघायचा. मग शेजारच्या घरात. तिथून आबांकडे. आबा झोपाळ्यावरून उठून लंगडत दारात आले आणि म्हणाले, "बोला जावयबापू." फोनाच्या नकाशावर घराघरात हिरवा ठिपका, ठिपक्याखाली शमिका. तो असा फिरता फिरता माझ्या दारात आला तेव्हा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आवाजातलं तूप संपलं होतं.

"कुठे लपवलंय तिला?"

"बघ की फोनात."

"म्हातारे, मी सरळ विचारतोय..."

"प्रणित, मान वर कर."

शमिका रस्त्याच्या मधोमध उभी होती. असं ठरलं नव्हतं! ती मंदाच्या माळ्यावर बसायची आणि आम्ही त्याला थकवून परत पाठवायचं, असं ठरलं होतं. मी तिला हाताने मागे हो मागे हो करत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. उघड्यावर लहरींचा डबा नसतो, त्यामुळे ती एकटीच तेवढी फोनात नव्हती. तिच्या अंगावरून गेला असता तो, ठिपके शोधत.

"गाडीत बस," तो म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"इथेच बोल. माझा पाय दुखतो ते तुला पनवेलला बसून दिसत होतं ना? कुणी दुखवला तेही सांग यांना."

"चार लोकांत तमाशा नको."

"चार नाहीत. मोज."

घराघरातून माणसं बाहेर आली होती. कोणी लंगडत नव्हतं आता. बायका ताठ चालत आल्या आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. शमिकाचा श्वास मधेच थांबला, मला दिसलं. पण ती जागची हलली नाही. मग तिने उरलेला श्वास घेतला, पूर्ण, छाती भरून.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "मी कुठे आहे ते तुला यापुढे कळणार नाही. ज्या दिवशी कोर्ट बोलावेल त्या दिवशी भेटू."

त्याने हात उचलला होता का, यावर गावात अजून वाद आहे. मी म्हणते उचलला होता. मी मधे गेले आणि घाटात चढवायचे तो आवाज चढवला, "ही गाडी तुमची नव्हे. उतरा खाली!" तो गेला. जाताना मागे घेण्याच्या नादात गाडी गटारात घातलीन, ती आमच्याच पोरांनी ढकलून काढली. उगाच मुक्काम वाढायला नको.

पंधरवड्याने नारकर आले. या वेळी चहा आम्ही पाजला. त्यांचं यंत्र सगळ्या जिल्ह्याचं मिळून एकच शिकत होतं, त्यामुळे आमचं लंगडणं पसरलं होतं. वेंगुर्ल्यात शमिका, देवगडात शमिका. कुठल्याशा गोठ्यात पायाला लागलेली म्हैस होती, तिलाही शमिका म्हणायला लागलं होतं. चाहूल विकत घेणाऱ्यांनी पैसे परत मागितले होते.

"खरी नावं सांगा, नाहीतर नेट तोडावं लागेल," नारकर म्हणाले.

"तोडा," मंदा म्हणाली. मी नाही, मंदा!

तोडलं. आणि सोपं गेलं असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. नातू परीक्षेला सड्यावर गेला, मंदा छत्री घेऊन त्याच्याबरोबर, चढताना आणि उतरताना मला अस्सल मालवणी शिव्या घालत. आबांची सून विहिरीवर जाताना शेजारणीला झोपाळ्यापाशी बसवून जायची. पण ग्रामसभेत ठराव झाला आणि पंचायतीचं ते कपाट आम्ही उघडलं. आत काचेची तार होती, तिला धक्काही लागला नव्हता. पुढचं शमिकाने केलं. तार जोडायला ती शिकली, मग गावातल्या पोरींना तिने शिकवलं. माडावरून माडावर, पोफळीवरून खांबावर अशी तार घरोघर गेली. डबे गावाचे आणि खर्च सगळ्यांनी वाटून घेतलेला. लहरी त्यातही आहेत, पण त्या मोजायचं डोकं शमिकाने डब्यात ठेवलं नाही. आबांच्या मनगटाला पट्टा आहे. तो फक्त सुनेला आणि दवाखान्याला कळवतो, आणि तो त्यांनी स्वतः बांधून घेतलाय. शुद्धीत, वाक्य नीट ऐकून. आता आजूबाजूच्या गावांतून माणसं विचारायला येतात, हे कसं केलंत. त्यांना शमिका भेटते, पायात चप्पल, खांद्यावर तारेचं वेटोळं.

परवा भावाचा फोन आला, चित्रासकट. नेट असं स्वच्छ, की त्याच्या मिशीतला पांढरा केसही दिसत होता. कोर्टाचा आदेश झाल्यापासून त्याला लेकीची आठवण यायला लागलीय.

"शमी कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी घरात हाक मारली. परसात बघितलं. नव्हती. तिची सायकलही नव्हती.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

"ठाऊक नाही म्हणजे? कुणाला तरी सांगून गेली असेल ना?"

"कुणालाच नाही."

तो घाबरला. मी मात्र डाळीला फोडणी देत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"अरे, गेली असेल कुठेतरी," मी म्हटलं. "भूक लागली की येईल."